कडेकडेने जा!

तुम्ही कधी गाडीचं दार अंगावर घेतलंय?

मी घेतलंय. नोव्हेंबर २०२३, सकाळचे पावणेदहा, लॉ कॉलेज रोड. बाणेरला एका स्टार्टअपवाल्याची मुलाखत घ्यायची होती. पाठीवर सॅक, सॅकमध्ये लॅपटॉप, डोक्यावर हेल्मेट आणि मनात ‘चला, आज पेट्रोलचे शंभर रुपये वाचले’ असला टिपिकल मिडलक्लास आनंद. डाव्या हाताला रांगेनं पार्क केलेल्या गाड्या आणि त्यांना जवळजवळ घासून जाणारी मी. अगदी शहाण्या मुलीसारखी, कडेकडेने! आणि एकदम एका पांढऱ्या गाडीचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. ब्रेक दाबायला वेळच नव्हता. हँडलचं डावं टोक दाराला लागलं, पुढचं चाक डावीकडे फिरलं आणि मी मात्र उजवीकडे, थेट रस्त्याच्या मधोमध फेकली गेले.

दार लागणं ही यातली छोटी गोष्ट असते. मोठी गोष्ट मागून येत असते. माझ्या मागून बस येत होती. तिच्या ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. बसचं चाक माझ्या डोक्यापासून किती लांब थांबलं हे मी आजवर अनेकांना अनेक प्रकारे सांगितलंय. कधी दोन फूट, कधी चार, समोर कोण आहे त्यावर ठरतं. खरं सांगायचं तर मोजायच्या मन:स्थितीत मी नव्हते. पण टायरच्या खाचेत अडकलेला एक खडा मला स्वच्छ दिसला होता. तो अजून दिसतो.

गाडीवाले काका धावत आले. बिचारे माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले. त्यांचं पहिलं वाक्य मला पाठ आहे, ‘अहो मॅडम, तुम्ही दिसलाच नाहीत!’

उजवी कॉलरबोन मोडली. सहा आठवडे हात गळ्यात. फ्रीलान्सर माणसाचा उजवा हात गळ्यात म्हणजे त्या महिन्याचं काय झालं असेल ते तुम्हीच समजून घ्या.

घरी अपेक्षेप्रमाणे फुल ड्रामा. आई एका डोळ्यानं रडत होती आणि दुसऱ्या डोळ्यानं रागावत होती. ‘तुला शंभरदा सांगितलं होतं, कडेकडेने जात जा म्हणून!’

‘अगं आई, मी कडेनंच जात होते.’

‘मग अजून कडेनं जायचं!’

अजून कडेनं म्हणजे कुठून, त्या गाडीच्या मागच्या सीटवरून? पण हात मोडलेल्या मुलीनं वाद घालायचे नसतात. सायकल गच्चीवर गेली आणि तिच्यावर जुनी चादर पडली. मैत्रिणी म्हणाल्या, स्कूटर घे. ऑफिसवाल्या मित्रांनी फंडा दिला, ‘बॉस, आपले रस्ते सायकलसाठी बनलेलेच नाहीत.’ बाबा तेवढे काही बोलले नाहीत. ते रोज संध्याकाळी गच्चीत जाऊन चादर नीट करून यायचे.

मी ‘कडेकडेने जा’ हे वाक्य पहिल्यांदा कधी ऐकलं असेल? बहुतेक पाचवीत. पहिली मोठी सायकल मिळाली तेव्हा. आपल्याकडे, खास करून मुलींना, रस्त्यावरची सगळी विद्या या दोन शब्दांत देतात. आणि ती इतकी आत मुरते की पुढे पंचविशीतही आपण सायकलवर बसलो की आपोआप रस्त्याच्या त्या डाव्या पट्टीत जातो, जिथे वाळू असते, काचा असतात, ड्रेनेजची झाकणं असतात, पाणीपुरीवाल्यानं ओतलेलं पाणी असतं आणि उघडण्याच्या बेतात असलेली दारं असतात. जणू रस्ता दुसऱ्या कुणाचा तरी आहे आणि आपण भाड्यानं आलोय, तेही डिपॉझिट न भरता.

त्या सहा आठवड्यांत डाव्या हातानं मोबाइल स्क्रोल करण्यापलीकडे उद्योग नव्हता. सवय पत्रकाराची, त्यामुळे वाचत सुटले. सायकल, गाडी, वेग, अपघात, जे सापडेल ते.

पहिला धक्का बसला तो वेगाचा. टॉमटॉम नावाची नॅव्हिगेशन कंपनी दरवर्षी जगभरातल्या शहरांतल्या ट्रॅफिकचा हिशोब मांडते. २०२४ च्या त्यांच्या यादीत पुणं जगात चौथं होतं! (कशात तरी पहिल्या पाचात आलो, अभिनंदन.) दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. गुणाकार-भागाकार करून बघा, ताशी १८ किलोमीटर पडतात. आणि मी, मध्यम फिटनेसची, वडापाव न सोडलेली मुलगी, सपाट रस्त्यावर सायकल किती वेगानं चालवते? ताशी १८ ते २०! हा आकडा मी हातात प्लास्टर असतानाच वाचला असता तर नर्सला उठवून सांगितला असता. (प्रत्यक्षात तो आला वर्षभरानं, पण नळ स्टॉपच्या सिग्नलला उभं राहिलेल्या माणसाला तो आधीपासून माहीतच असतो.) म्हणजे ऑफिसच्या वेळेला शहराच्या आतल्या रस्त्यावर ज्या गाडीवाल्यांना ‘मी तुमच्या मध्ये येतेय, सॉरी हां’ असा चेहरा करून मी वाट देत होते, ते सरासरी माझ्याच वेगानं चालले होते.

पण सरासरीवर फार जाऊ नका. गाडी सरासरीनं चालत नाही. ती सिग्नलला शून्य असते आणि सिग्नल सुटला की पुढच्या चारशे मीटरमध्ये पन्नास गाठते. धोका असतो तो या फरकात. मी अठरानं आणि मागची गाडी बाविसानं येत असेल, तर ती माझ्याकडे चालत आल्यासारखी येते. तीच साठनं आली, तर तिला मी रस्त्यात उभ्या ठेवलेल्या खांबासारखी वाटते. म्हणून खरं भ्यायचं ते नळ स्टॉपच्या गर्दीला नाही, रात्री साडेदहाच्या रिकाम्या रस्त्याला. हे उलटं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. आई अजूनही म्हणते, ‘गर्दी नसेल तेव्हा जा गं.’

आता थोडं माझ्या बाजूचं गणित. ताशी १८ म्हणजे सेकंदाला ५ मीटर. समोर काहीतरी आलं हे डोक्यात शिरून बोटं ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला असं धरू, म्हणजे ५ मीटर गेले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, दोन्ही ब्रेक नीट मारून थांबायला साधारण अडीच मीटर. एकूण साडेसात. आता हेच सेनापती बापट रोडवर बघा. सिम्बायोसिसपाशी चढ संपला की चतु:शृंगीकडे जो उतार लागतो, त्यावर काही न करता ताशी ३६ होतात. काय मस्त वाटतं! केस उडतायत, रिक्षा मागे पडतेय. पण त्या एका सेकंदात आता १० मीटर जातात आणि ब्रेक मारल्यावर थांबायला आणखी १०. वेग दुप्पट, पण थांबायला अंतर जवळपास तिप्पट. शाळेत गतिज ऊर्जेचं सूत्र पाठ केलं होतं, वेगाचा वर्ग वगैरे. त्या वर्गाचा अर्थ बाईंनी उतारावर नेऊन शिकवला असता तर बरं झालं असतं.

वाचता वाचता एक गृहस्थ भेटले. जॉन फॉरेस्टर. जन्म इंग्लंडमधला, आयुष्य अमेरिकेत, कॅलिफोर्नियात. पेशानं इंजिनीअर, स्वभावानं अस्सल पेठेतले. १९७० च्या दशकात तिथल्या पालो अल्टो नावाच्या गावानं सायकलवाल्यांना रस्त्यावरून हटवून फुटपाथवर घातलं, तेव्हा हे महाशय मुद्दाम रस्त्यावरूनच गेले आणि पावती फाडून घेतली. १९७६ मध्ये त्यांचं ‘इफेक्टिव्ह सायकलिंग’ हे पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं एका ओळीत सांगायचं तर, सायकल हे वाहन आहे, तेव्हा ते वाहनासारखं चालवा. कडेला लपू नका. लेनमध्ये अशा जागी राहा की मागच्याला तुम्ही दिसाल आणि पुढे काय करणार आहात हे कळेल. २०२० मध्ये ते वारले, तोपर्यंत भांडत होते.

मला हे वाचून एकदम क्लिक झालं. ‘तुम्ही दिसलाच नाहीत’ असं ते काका म्हणाले होते ना? ते खोटं बोलत नव्हते. पार्क केलेल्या गाडीच्या उजव्या आरशात, गाड्यांना चिकटून येणारी बारीकशी सायकल शेवटच्या क्षणापर्यंत दिसणार कशी? मी अदृश्य व्हायचा पुरता बंदोबस्त करून निघाले होते आणि त्यालाच सेफ्टी समजत होते. इंग्लंडच्या ‘हायवे कोड’मध्ये जानेवारी २०२२ मध्ये बदल झाले (तिथेही गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, म्हणून हे आपल्याला जसंच्या तसं लागू पडतं). त्यात चक्क लिहिलंय की पार्क केलेल्या गाड्यांपासून एका दाराएवढं किंवा मीटरभर अंतर ठेवा, आणि शांत रस्त्यावर, हळू चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये किंवा चौकाजवळ सायकल लेनच्या मध्यावर घ्या. सरकारी पुस्तकात! आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘ते इंग्लंड आहे.’

बरोबर आहे तिचं. नुसत्या वाचण्यानं सायकल चालवता येत नाही. जानेवारीत प्लास्टर निघालं, फिजिओ झाला, चादर उचलली आणि लक्षात आलं की मला सायकल चालवायची भीती वाटतेय. साधी सोसायटीत चक्कर मारताना हात थरथरत होते. उभी असलेली प्रत्येक गाडी दात विचकून बघतेय असं वाटायचं.

सायकल दुरुस्तीला नेली ते दुकान नारायण पेठेतलं. दुकानवाले काका सत्तरीचे, तरुणपणी शर्यती मारलेले, आता चाकं सरळ करून देतात. चाकाचे स्पोक वाजवून बघत त्यांनी विचारलं, ‘पुढचा ब्रेक वापरतेस का गं?’

‘नाही. तोंडावर आपटते ना माणसं त्यानं.’

‘कुणी सांगितलं?’

कुणी सांगितलं बरं? सगळ्यांनीच. कडेकडेने जा, पुढचा ब्रेक दाबू नकोस, ही आपली जोडीनं आलेली शिकवण. काका म्हणाले, ‘रविवारी सकाळी ये मैदानावर.’

त्या चार रविवारांत मी जे शिकले ते वीस वर्षं सायकल चालवून शिकले नव्हते. ब्रेक मारला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं. त्यामुळे नुसता मागचा ब्रेक दाबला तर ते घसरत राहतं आणि थांबायला जवळजवळ दुप्पट अंतर लागतं. थांबवतो तो पुढचा ब्रेक, आपल्याकडच्या बहुतेक सायकलींवर उजव्या हाताचा. फक्त झटका द्यायचा नाही, दाबत न्यायचा, आणि त्याच वेळी कंबर मागे न्यायची, हात ताठ. काका मैदानात चपला ठेवायचे आणि म्हणायचे, चपलेच्या आत थांब. पहिल्या दिवशी मी दोन चपला तुडवल्या.

मग मागे बघणं. करून बघा, सोपं नाही. मान उजवीकडे वळली की हँडलही उजवीकडे येतं, म्हणजे जी गाडी येतेय का हे बघायचं, तिच्याच पुढ्यात आपण जातो. काका मागून बोटं दाखवायचे आणि मी पांढऱ्या फक्कीच्या रेघेवरून न हलता मागे बघून सांगायचं, किती बोटं. खांदा सैल सोडला की जमतं हे कळायला दोन रविवार गेले.

आणि सगळ्यात भन्नाट गोष्ट म्हणजे झटकन वळणं. डावीकडे वळायचं तर हँडल आधी क्षणभर उजवीकडे जावं लागतं! माझा विश्वास बसला नाही. काका म्हणाले, ‘डाव्या मुठीला नुसतं पुढे ढकल.’ ढकललं, चाक उजवीकडे हललं, सायकल सटकन डावीकडे कलली आणि वळली. आपण सगळे हे नकळत करतोच, तोल असाच जातो आणि येतो. पण गाडी अंगावर येते तेव्हा माणूस घाबरून हँडल पाहिजे त्या बाजूला ओढतो आणि सायकल आधी भलतीकडे झुकते. हात आपोआप बरोबर ढकलेपर्यंत मी त्या मैदानात एका रिकाम्या खोक्याला पन्नासेक वेळा चुकवलं. ‘खोक्याकडे बघू नकोस,’ काका ओरडायचे, ‘मोकळ्या जागेकडे बघ! जिथं बघशील तिथं जाशील.’ खड्ड्यांच्या बाबतीत हे किती खरं आहे, हे पुणेकरांना सांगायला नको.

हे सगळं शिकून मार्चमध्ये मी पुन्हा लॉ कॉलेज रोडवर आले. पार्क केलेल्या गाड्यांपासून एक दार सोडून, वर थोडं अजून सोडून. म्हणजे सरळ लेनमध्ये. पोटात गोळा. दहा सेकंदांत मागून हॉर्न. मग दुसरा हॉर्न. पूर्वी मी काय केलं असतं? सॉरी म्हणत आत घुसले असते. या वेळी मागे वळून बघितलं. नुसतं बघितलं. स्कूटरवरची बाई होती, तिनं मला बघितलं आणि लांबून ओव्हरटेक करून गेली. जाताना काहीतरी बोलली, ते छापण्यासारखं नव्हतं.

पण एक गोष्ट लक्षात आली. हॉर्न वाजवणारा माणूस चिडलेला असेल, पण त्यानं तुम्हाला पाहिलेलं असतं. मला ज्यानं पाडलं त्यानं हॉर्न वाजवला नव्हता. तेव्हापासून हॉर्न ऐकला की मला थोडं बरंच वाटतं. (पुण्यात राहून असं वाटणारी मी बहुधा एकटीच.)

आणि चेहरा! मागे वळून तुम्ही चेहरा दाखवलात की गाडीवाल्याला ‘सायकल’ दिसायची थांबते आणि माणूस दिसतो. वळायच्या आधी हात दाखवा, डोळ्याला डोळा भिडवा, अंदाज द्या. आपल्याकडे लोक नियम पाळत नाहीत असं म्हणतात, पण अंदाज मात्र जबरदस्त पाळतात. रस्ता ओलांडणाऱ्या गाईचा अंदाज घेऊन आख्खा चौक चालतो की! गाय मधेच झिगझॅग करत नाही, एवढंच तिचं कसब.

आता हे सगळं वाचून उद्या सकाळी तुम्ही लेनच्या मध्यावरून निघाल, म्हणून लगेच सांगते, मी सगळीकडे हे करत नाही. फॉरेस्टर साहेबांशी माझं इथे वाजतं. त्यांचा स्वतंत्र सायकल ट्रॅकलाही विरोध होता. सायकलवाल्यांनी वाहन चालवायची विद्या शिकावी, बस, असं. पण पहाटे पाचला कर्वेनगरहून चार घरच्या पोळ्या करायला जाणारी मावशी, कॅरिअरला डबा आणि दांडीवर लेक, ती काय चार रविवार मैदानावर जाऊन हँडल ढकलायला शिकणार? डच लोकांनी १९७० च्या दशकात रस्त्यावर मुलं मरायला लागल्यावर आंदोलनं केली आणि उलटा रस्ता धरला. जिथं गाड्या जोरात जातात तिथं सायकलला वेगळी वाट, जिथं एकत्र जायचंय तिथं गाड्यांचा वेग ३० वर आणायचा. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला जगभरातल्या मंत्र्यांनी जाहीरनामा काढला, त्यातही हाच ३० चा आकडा आहे. त्यापुढे सगळं कसब फिकं.

म्हणून उड्डाणपुलावर मी जात नाही. त्यावर गाडी साठनं येते आणि कडेला पळायला जागा नसते. मोठ्या चौकात जमलं नाही तर उतरते आणि झेब्रा क्रॉसिंगवरून सायकल ढकलत नेते, लाज गेली खड्ड्यात. बस किंवा ट्रकच्या डाव्या अंगाला, वळणाच्या तोंडाशी, कधी म्हणजे कधीच घुसत नाही. तो डावीकडे वळला की मागचं चाक आत कापत येतं आणि ड्रायव्हरला तुम्ही आरशातही नसता. पावसाळ्यात ते पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं साबणासारखी होतात, त्यावर ना ब्रेक ना वळण, सरळ जायचं. रात्री पुढे-मागे दिवा. या गोष्टी काका म्हणाले तशा ‘अक्कल’ या सदरात मोडतात.

आणि ट्रॅक? आहेत की आपल्याकडे. २००६ मध्ये बीआरटी आली तेव्हापासून सायकल ट्रॅक कागदावर आणि बरेचदा रस्त्यावरही आहेत, २०१७ मध्ये महापालिकेनं आख्खा सायकल आराखडा मंजूर केला. त्यातल्या एका ट्रॅकवरून मी गेले. पहिल्या दोनशे मीटरमध्ये तीन स्कूटर, एक रसवंती, एक डीपी आणि शेवटी झाड. झाडाला माझा आक्षेप नाही, ते आधीपासून होतं.

इथपर्यंतची गोष्ट मी पार्टीत सांगते. लोक इम्प्रेस होतात. याच्या पुढची सांगत नाही.

या वर्षी फेब्रुवारीत मला एका कार्यक्रमाला उशीर झाला होता. कॅब केली. मागच्या सीटवर उजवीकडे बसले होते, फोनवर एडिटर. कर्वे रोडला एका हॉलसमोर कॅब थांबली, मी पैसे टाकले, कानाला फोन तसाच आणि उजव्या हातानं दार ढकललं.

‘ए ए ए!’

काळी जुनी सायकल, मागे डबा, सिक्युरिटीचा निळा शर्ट. पन्नाशीचा माणूस. त्यानं कसंबसं हँडल फिरवलं, एक पाय जमिनीवर घासत गेला, चप्पल निघाली आणि तो दारापासून हातभर पुढे जाऊन थांबला. मागून एक टेम्पो यायचा होता, तो लांब होता. एवढाच फरक. लांब होता.

मी उतरले. आणि माझ्या तोंडातून काय निघालं?

‘काका, तुम्ही दिसलाच नाहीत हो!’

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी आधी डबा तपासला, सांडला नाही ना. मग चप्पल आणायला मागे आले. मी चप्पल उचलून द्यायला वाकले तर म्हणाले, ‘राहू द्या ताई, राहू द्या.’ सायकलवर बसले आणि गेले. कडेकडेने, उभ्या गाड्यांना घासून. त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, काका, एक दार सोडून चालवा. पण सांगायला तोंड कुठे होतं? हेल्मेट, गिअरची सायकल, हायवे कोड, फॉरेस्टर, सगळं घरी होतं आणि मी गाडीत होते. गाडीत बसल्यावर माणूस वेगळा होतो असं मी दुसऱ्यांबद्दल म्हणायचे.

उपाय माहीत नव्हता असंही नाही. दाराला लांबचा हात लावायचा. उजवीकडे बसलेल्यानं डाव्या हातानं दार उघडायचं. त्यासाठी अंग आपोआप वळतं, मान मागे जाते आणि मागून येणारा दिसतो. डच लोकांच्या नावानं ही पद्धत ओळखतात, त्या हायवे कोडमध्येही आहे. मी त्यावर आठशे शब्दांचा लेखसुद्धा लिहिला होता! छापून आला, मानधन मिळालं.

त्या रात्री जेवताना घरी सांगितलं. आई गप्प. बाबांनी पाणी प्यायलं आणि म्हणाले, ‘हात कुठला वापरलास?’

‘उजवा.’

‘हं.’

जरा वेळानं मी विचारलं, ‘बाबा, तुम्ही रोज जायचात ना सायकलनं, पिंपरीला? कडेनं जायचात?’

बाबा १९८४ साली कंपनीत लागले. लोकमान्यनगर ते पिंपरी, रोज जाऊन-येऊन, पहिली सात वर्षं. दिव्याला डायनॅमो, पँटला क्लिप. ते हसले. ‘कडेनं? अगं, शिफ्ट सुटली की आख्खा रस्ता सायकलींचा असायचा. बस आमच्या मागून घंटी वाजवल्यासारखी हॉर्न देत यायची. कड कुठली?’

‘मग मला का सांगत होतात, कडेकडेने जा म्हणून?’

‘मी कुठे सांगितलं? ती आई सांगत होती.’

‘हो, मीच सांगत होते,’ आई म्हणाली, ‘तुम्ही घरी येईपर्यंत गॅलरीत मी उभी असायचे, तुम्ही नाही.’

यावर बाबांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

पुढच्या रविवारी सकाळी बाबांनी माझी सायकल मागितली. गुडघे दुखतात म्हणून सीट खाली करून दिली. गिअरला हात लावायचा नाही असं बजावलं, हेल्मेट जबरदस्तीनं घातलं. गेटमधून ते डुगडुगत बाहेर पडले आणि पहिल्याच वळणावर सरळ झाले. आमची गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना गाड्या. बाबा बरोबर मधून चालले होते. ताशी आठ, फार तर नऊ. मागे एक मोठी एसयूव्ही आली, तिनं हॉर्न दिला. बाबांनी मान वळवून पाहिलं, हँडल तसूभर हललं नाही. मग उजवा हात बाजूला काढून तळवा खाली-वर हलवला, सावकाश, १९८४ सालचा सिग्नल.

गॅलरीतून आई म्हणाली, ‘अहो, कडेनं...’ आणि मधेच थांबली.

एसयूव्ही कोपऱ्यापर्यंत त्यांच्या मागून हळूहळू गेली.